लाल दोऱ्याच्या माश्या

अहो,

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय, म्हणजे चष्म्याची सबब नको.

परवा ओढ्यावर एवढे इवाना मासे लागले, तर "माझ्या माश्यांना तोड नाही" म्हणत गावभर मिरवलात. माशांना भुलवायला गळावर लावलेल्या त्या पिसा-दोऱ्याच्या नकली माश्या मी बांधल्या होत्या! तुमच्या घराण्यात बायकांनी गळाला हात लावायचा नसतो ना? कोंबड्याचं पीस अगदी तुमच्यासारखंच पुढे झुकवलं. फक्त तुमचा दोरा काळा, माझा लालभडक. तो तुम्हाला दिसलाच नाही. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, कुरकुर नको.

आज गळाची काठी मी नेलीय. मिसोचं सूप गरम करून घ्या. संध्याकाळी निखारे तयार ठेवा, मासे मी आणते.

आणि या वेळी गावात मिरवाल, तेव्हा नाव माझं सांगा.

फुमिए