रस्त्याचा जामानिमा

पंचवटी, नाशिक

प्रिय ज्ञानेश,

अनेक आशीर्वाद. आजवर तुला जेवढी पत्रं लिहिली त्या प्रत्येकाच्या माथ्यावर मी ‘चिरंजीव’ लिहीत आलो. या वेळी हात अडला. घरातल्या एकाला जन्मभर तेच लिहून पाहिलं, गुण आला नाही. तेव्हा तू नुसता प्रिय. मामाला खूळ लागलं म्हणशील. म्हण बापडा.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो. मामी, मी रोडची सायकल घेतली, विश्वेशदादा काय काय वापरायचा, पहिल्यांदा काय घेऊ, असं तू मामीला विचारलंस. तिने फोन माझ्या हातात दिला, आत गेली आणि मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं रे, नुसताच फिरत होता. मी तुला ‘लिहून कळवतो’ म्हणालो ते त्यामुळेच. दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईचा फोन. दादा, तो तुझं ऐकतो, तूच त्याला दटाव, आपल्या घरात आता ती सायकल नको. आमची शुभांगी लहानपणापासून रडून काम साधणारी, पण या वेळचं रडणं खरं होतं. तिलाही मी लिहितो म्हणालो. ती समजली, दादा आता पोराला चांगला खडसावणार. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. वर आमच्या विश्वेशचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलंय, आणि त्याच्या आत मला घरातली एक गोष्ट मार्गी लावायची आहे, नाहीतर तुझी मामी काही माझ्या हाताला लागत नाही. ते सांगतो, पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी सायकलवाला नव्हे, हे तुला ठाऊक आहे. रामकुंडावर बसून यजमानांची श्राद्धं-पक्ष करणारा माणूस मी. पण ही वस्त्रं-भूषणं सहा वर्षं माझ्या घरात नांदली, त्यामुळे ज्ञान भरपूर.

पहिली घे ती गादीची चड्डी. शर्ट राहू दे, बूट राहू देत, आधी चड्डी. आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण तुझा बाप तुला हे सांगणार नाही आणि दुकानदार तर गालात हसेल. विश्वेशने पहिल्या दिवशी आत नेहमीचं घातलं होतं. त्र्यंबकपर्यंत जाऊन आला तो वाकडा चालत. शिवण घासून घासून मांड्या सोलवटल्या होत्या. तुझ्या मामीने खोबरेल तेल दिलं आणि वर खूप ऐकवलं. तुझ्या मापाची, अंगाबरोबर बसणारी घे, खांद्यावरून पट्टे येतात तसली मिळाली तर उत्तम, कंबरेला काचत नाही. फक्त जानवं त्या पट्ट्यात अडकतं, तेवढं बघ. विश्वेश सायकलच्या कुलपाची किल्ली जानव्याला बांधायचा, माझ्या आजोबांसारखी. मी हसायचो, अरे एकीकडे विमानातली चड्डी आणि एकीकडे जानव्याला किल्ली. इस्पितळातून जानवं आणि किल्ली एवढंच परत मिळालं. कपडे त्यांनी कातरून काढले होते, आणि सायकल अजून पोलिसांच्या आवारात उभी आहे.

तर चड्डी. ती घालून आपल्या गल्लीतून जायचं म्हणजे काय प्रकार, तुला मनमाडच्या रेल्वे कॉलनीत कळायचा नाही. इथे सकाळी यजमान पुढच्या खोलीत बसलेले, बायका-माणसं, कोणाचे वडील गेलेले, आणि त्यांच्यामधून हा अंगाला चिकटलेल्या काळ्या चड्डीत, खांद्यावर सायकल घेऊन चाललाय. एकदा एका यजमानाने विचारलंच, गुरुजी, हे कोण? मी तोंड उघडायच्या आत विश्वेश म्हणाला, मी भाडेकरू. आणि गेला निघून. तेव्हापासून रोज घरात शिरताना ओरडायचा, भाडेकरू आला हो, भाडेकरूला चहा टाका. पुढे पुढे तो वरून पायजमा चढवायचा आणि पुलापलीकडे गेला की काढून पाठीच्या खिशात कोंबायचा. तू असलं काही करू नकोस. सैल कपडा साखळीत जातो. लाज बाळगायची तर घरी बसावं.

धुण्याचं मामीकडून कळलेलं: उलटी करून, हाताने, साध्या साबणाने, आणि वाळवायची सावलीत. त्यावरून आमच्याकडे महाभारत झालं होतं. सावली म्हणून तिने ती चड्डी माझ्या सोवळ्याच्या दांडीवर टाकली. मी पहाटे अंधारात काठीने ओढून सोवळं नेसायला गेलो, तर हातात गादी. मी तीन दिवस अबोला धरला होता. आज ती दांडी रिकामी दिसली की माझ्याच्याने बघवत नाही.

अंगात सुती बनियन, टी-शर्ट नको. घाम पितो आणि अंगावरच गार होतो. सायकलचा सदरा घे, पाठीला तीन खिसे असतात तो. एकात केळं, एकात फोन, एकात पंक्चरचं. रंग मात्र भडक. पिवळा घे, नारिंगी घे, होळीतून आल्यासारखा दिसलास तरी चालेल. विश्वेशला काळ्याची हौस. थंडीत एक पातळ वाऱ्याचं जाकीट लागतंच, निफाडकडची पहाट तुला माहीत आहे, बोटं वाकत नाहीत. मोजेही घे. हातमोजे उन्हाळ्यातही घाल. माणूस पडला की आधी हात टेकतो, आणि तळहात सोलले की जेवायचेही वांधे.

बुटांची घाई करू नकोस. ते पेडलला खटकन अडकणारे बूट फार छान दिसतात, पण नवख्याचं काम नव्हे. विश्वेश ते पहिल्यांदा घालून निघाला आणि मालेगाव स्टँडच्या सिग्नलला उभ्या उभ्या आडवा झाला. पाय सुटलाच नाही. भाजीवाल्या बायका धावल्या, एकीने तर तोंडावर पाणी मारलं. घरी येऊन स्वतःच नक्कल करून दाखवत होता, मामी हसून हसून भिंतीला टेकली. तू साधे, कडक तळाचे बूट घाल, नाडी आत खोच. चष्मा हवा, पहाटेसाठी बिनरंगी काचेचा. किडा डोळ्यात गेला की दोन्ही डोळे मिटतात, आणि तेवढ्यात काय व्हायचं ते होतं. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेव. जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि हेल्मेट. भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्टा असा की एक बोट जेमतेम जाईल. मागे कलतं ठेवून मिरवणारे पुष्कळ दिसतात, त्यांनी ते परडीत घालून नेलं तरी तेवढाच उपयोग.

आता तू विचारशील, विश्वेशकडे तर हे सगळं होतं. होतं. दिवाही चालू होता. हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता असं तिथला हवालदार म्हणाला. विंचूरच्या अलीकडे मागून पिकअप आला, छातीला मार बसला. छातीला घालायचं काही मिळत नाही. लोक मला विचारतात, गुरुजी, एवढं सगळं घालून काय उपयोग झाला? मी हजारो लोकांना रामकुंडावर उत्तरं दिली, तोंडपाठ, आणि ती खोटी नव्हती. पण माझ्या दारात आल्यावर त्यातलं एकही मला पुरलं नाही, हे तुला म्हणून सांगतो.

आता मामीचं. तुला माहीत नसेल म्हणून फोड करून सांगतो. माणूस गेल्यावर वर्षभर त्याला वाट चालायची असते. त्या वाटेवर ऊन लागतं, काटे लागतात, म्हणून बाराव्या-तेराव्याला आपण त्याच्या नावाने सामान देतो. छत्री, चपला, वस्त्र, पाण्याचं भांडं, काठी. घेणाऱ्याने ते वापरलं की तिकडे पोचतं. हे मी किती जणांना सांगितलं, किती जणांकडून देववलं, त्याला गणती नाही. विश्वेशचं मी स्वतः केलं. बापाने मुलाचं करायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. कावळा लगेच शिवला, विश्वेशला कशाची घाई नव्हती असं कधी झालं होतं? दानही शास्त्राप्रमाणे केलं, काही म्हणता काही कमी केलं नाही. चांगली मोठी छत्री आणली, चपला आणल्या, आपल्या ओळखीच्या गुरुजींना दिल्या. चौदाव्या दिवशी तुझी मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, अहो, त्याला चपला कशाला दिल्यात? तो चपला घालायचा का कधी?

मी म्हटलं, शास्त्र आहे. ती म्हणाली, असेल, पण पोर सायकलवर होतं ना. छत्री धरून सायकल कशी चालवणार? म्हणजे चालतोय तो पायी. सगळे पुढे जातायत आणि तो चालतोय.

मी रागावलो. असल्या गोष्टींचा असा विचार करायचा नसतो म्हणालो, चार वचनं ऐकवली. तिने मान डोलवली आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. गेलं वर्षभर तेच, ज्ञानेश. ऊन पडलं की म्हणते, आज त्याला फार लागत असेल. घास हातात घेते आणि ठेवून देते. अंगावर पातळ ठरत नाही इतकी वाळली आहे. डॉक्टर गोळ्या देतात, त्या ती निमूट घेते आणि म्हणते, गोळ्यांनी काय त्याला सायकल मिळणार आहे? आणि तुला खरं सांगू, आता मलाही तो चालताना दिसायला लागलाय. यजमानाला छत्रीचा संकल्प सांगताना माझी जीभ अडखळते. पंचवटीत जन्म गेला माझा, असं कधी झालं नव्हतं.

म्हणून लिहितोय. तू यातलं काहीही विकत घेऊ नकोस. तुझ्या डोक्याचा घेर, पायाचा नंबर आणि छाती-कंबरेचं माप कळव. मी आणि मामी दुकानात जाऊन सगळं आणतो, आणि वर्षश्राद्धाला तू ये आणि ते विश्वेशच्या नावाने माझ्या हातून घे. शंभर ब्राह्मण जेवू घातले काय आणि एक भाचा जेवू घातला काय, सारखंच, असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा शास्त्राची आडकाठी नाही, असली तरी मी बघून घेईन. मेलेल्याच्या नावचं अंगावर घ्यायला माणसं भितात, तुझी आईही भिईल, आकांत करेल. तिला तोंड मी देतो. पण ते घेऊन कपाटात ठेवलंस तर त्याला पोचायचं नाही, ते घालून तुला सायकल चालवावी लागेल, त्याच रस्त्यांवर, आणि त्याच रस्त्यांवर तू जाऊ नयेस म्हणून मी रोज देवापुढे हात जोडतो. माझ्या एका पोराला वाट सुखाची व्हावी म्हणून दुसऱ्याला त्या वाटेवर धाडतोय. असला मामा कोणाला मिळू नये. तू नाही म्हणालास तर मी एक शब्द बोलणार नाही, मामीला सांगेन की तुला रजा मिळाली नाही. पण हो म्हणणार असलास तर माप लवकर पाठव बाळा, तो चालून चालून दमला असेल रे.

तुझाच,
गंगाधरमामा