पहिली सुपारी मानाची

सर,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलतील ज्यांना बोलायचं ते. तुम्ही जिवंत होतात तेव्हा बोलायची पाळी नेहमी तुमचीच असायची, वर्गात, सभेत, स्वतःच्या घरातसुद्धा, आणि आम्ही पोरं तोंडाचा आ करून ऐकत बसायचो. आता तुम्हाला मध्येच बोट वर करून 'थांब, तुझं चुकतंय' म्हणता येणार नाही. म्हणून आज सगळं सलग सांगणार आहे, आणि त्यातलं काहीही तुमच्या सोयीनं सांगणार नाही.

सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरातून करतो, कारण माझं वाटोळं तिथंच सुरू झालं. लोणावळ्याच्या तुमच्या त्या घरात बाहेरच्या खोलीत पुस्तकांचे इतके ढीग होते की आल्यागेल्याला आत स्टोव्हपाशीच बसावं लागायचं. मी पुण्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. शाळा कधीच सुटली होती, तरी दर शनिवारी तुमच्याकडं हजर. राज्यशास्त्र समजून घ्यायला येतो, असं तुम्ही लोकांना कौतुकानं सांगायचात. तुमची मुलगी स्टोव्हला पंप मारतेय, तुम्ही पाटावर बसलाय, मांडीवर ते गुळगुळीत कागदाचं अमेरिकन मासिक, आणि मी तिच्याकडं बघत नाही असं दाखवत बघतोय. 'तिकडं पक्षाचं तिकीट बंद खोलीत ठरत नाही,' तुम्ही सांगताय. 'पक्षाच्या लोकांनाच आधी विचारतात, आपला उमेदवार कोण? त्यांचं मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात.' मग तुम्ही भाजलेले शेंगदाणे मागून घेतलेत आणि ताटलीत तीन ढीग केलेत. 'समज, तिघे उभे आहेत आणि निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत. मग दक्षिणेकडच्या राज्यांत काय करतात? तिसरा बाद. पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. रनऑफ!' तेवढ्यात तिनं सगळ्यात लहान ढीग उचलला आणि तोंडात टाकला. 'हा बाद,' ती म्हणाली. 'बाबा, उरलेले दोघं चहाबरोबर संपवा, नाहीतर त्यांनाही बाद करीन.' तुम्ही हसलात, मी हसलो, आणि त्या हसण्यात मी कायमचा गेलो. तुम्हाला ते दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं वर बसून म्हणू नका.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. आपल्या भागात तेव्हा आपल्या पक्षाचं तिकीट मिळालं की माणूस निवडून आल्यातच जमा होता, समोर उभं राहायला कुणी मिळायचं नाही. तिकीट मागणारे तिघे निघाले. एक तुम्ही. दुसरे पवनेच्या धरणाला खडी पुरवणारे कंत्राटदार. तिसरे तिकोणा पेठेचे आबा, बेचाळीसला तुरुंगात गेलेले, धरणात जमिनी जाणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही म्हणून म्हातारपणी उभे राहिलेले. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी हात झटकले, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. तुम्ही तालुक्याच्या बैठकीत उठून उभे राहिलात आणि प्रायमरी मांडलीत. लोकांना ती इतकी नवलाची वाटली की कंत्राटदारांनाही नाही म्हणता आलं नाही. निम्म्या सभासदांना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीऐवजी सुपारी द्यायची ही कल्पनाही तुमचीच. माणशी एक सुपारी, पडद्याआड तीन डबे, डब्यांवर चित्रं, तुमच्या डब्यावर पुस्तक. कुणालाच निम्म्याहून जास्त सुपाऱ्या पडल्या नाहीत, तर आठ दिवसांनी पहिल्या दोघांत दुसरी फेरी.

त्याच आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, 'कॉलेज कुठं पळून जातंय? पुढच्या वर्षीही तिथंच असेल. मावळात असं मतदान पुन्हा बघायला मिळणार नाही. चल माझ्याबरोबर.' मी कॉलेज सोडलं. माझे वडील रेल्वेत फिटर होते, मला शिकवायला त्यांनी कितीतरी जादा पाळ्या केल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा माझ्यावर पहिल्यांदा हात उठला. मी मार खाल्ला आणि सायकल काढून तुमच्या दारात आलो. तुम्ही पाठीवर थाप मारलीत. 'एवढं झालं की,' स्टोव्हपाशी बसलेल्या तिच्याकडं एकदा बघून तुम्ही म्हणालात, 'तुझंही बघू.' काय बघणार होतात, सर? मी ते शब्द कितीदा घोळवले असतील. पोरी-पोरांना असले शब्द देऊ नयेत. ती येडी त्यावर घर बांधतात.

टाकवे बुद्रुकची सभा तुम्हाला आठवत असणार. पारावर तुम्ही उभे, खाली माणसं दाटीनं बसलेली. 'पहिल्या फेरीत मनाला येईल त्याच्या डब्यात सुपारी टाका,' तुम्ही हात उंच करून सांगितलंत. 'खरा निकाल दुसऱ्या फेरीत!' तेव्हा पुढं बसलेले एक भाऊ, डोक्यावरचं मुंडासं सारखं करत, म्हणाले, 'म्हंजी मास्तर, पयली सुपारी मानाची. ती आबांना देतो, लय मोटं मानूस हाय ते. आन् दुसरी तुमाला. आमी काय तुमाला सोडतोय व्हय!' सगळा पार हसला. त्या हसण्यानं तुम्हाला चढली, आणि तुम्ही म्हणालात, 'तसं समजा हवं तर!' परतताना सायकलवर मी तुम्हाला सांगितलं, 'सर, हे थट्टा नाही करत. खरंच असं करतील. आपल्याकडं लग्न असो, जत्रा असो, पहिली सुपारी वडीलधाऱ्याच्या हातात मानानं देतात आणि मग कामाचं बोलतात. उद्या परत येऊन नीट सांगू या.' तुम्ही मागच्या कॅरिअरवरून म्हणालात, 'तू रस्ता बघ, खड्डे आहेत. राज्यशास्त्र मी बघतो.'

बघितलंत ना? कार्ल्याच्या शाळेच्या मैदानावर मतदान झालं, संध्याकाळी डबे उपडे केले. आबा पहिले, कंत्राटदार दुसरे, तुम्ही तिसरे. कंत्राटदारांच्या माणसांनी कुणाला मान-बिन दिला नव्हता, डोळे मिटून आपल्या डब्यात टाकलं होतं. मान दिला तो तुमच्या माणसांनी, कारण चांगली माणसं तुमच्याकडं होती. टाकव्याचे ते भाऊ तोंडभर हसत तुमच्यापाशी आले आणि म्हणाले, 'मास्तर, आबांचा मान झाला बरं का. काडा आता दुसरी सुपारी. आता तुमचीच!' त्या माणसाला काय सांगायचं होतं, की दुसऱ्या फेरीत तुमचा डबाच नाही? तुम्ही ते सांगितलं नाहीत. त्याच्या देखत, सगळ्या मैदानाच्या देखत माझ्याकडं बोट केलंत. 'या पोरानं गावोगाव उलटं सांगितलं. अर्धवट शिकलेल्याच्या हातात काम दिलं की असं होतं.' अर्धवट! कुणी केलं होतं मला अर्धवट?

आणखी एक सांगून घेतो. त्या दिवशी डोंगरातल्या वाडीवरची माणसंही आली होती, बायकापोरांसकट, चालत. धरण त्यांच्याही माथी येणार होतं. तुम्ही त्यांना फाटकावरूनच परत पाठवलंत, 'सभासद नाही, मत नाही.' पुढं पुण्याच्या एका वाचनालयात मी त्या तुमच्या दक्षिणेकडच्या राज्यांबद्दल वाचलं. काळ्या माणसांना कितीतरी वर्षं त्या प्रायमरीत पाऊल टाकू देत नव्हते. शेंगदाण्यांच्या ढिगांत तुम्ही ते कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं, की माहीत असून गाळलंत? दोन्ही बाजूंनी तुम्हीच सापडता.

मैदानावरून उतरल्यावर दोनच दिवसांत तुम्ही कंत्राटदारांच्या बंगल्यावर गेलात. तुमच्या माणसांच्या सुपाऱ्या दुसऱ्या फेरीत त्यांना द्यायच्या, आणि बदल्यात त्यांनी तुमची मुलगी भाच्याला करून घ्यायची. मला बाजारात कळलं. मी धावत तुमच्या घरी आलो, दम लागलेला, चपला हातात, आणि उंबऱ्यातच म्हणालो, 'सर, मला द्या.' तुम्ही चष्मा काढून पुसलात. 'कॉलेज अर्ध्यावर टाकलेल्याला मी मुलगी देऊ?' तुम्ही विचारलंत. वर म्हणालात, 'तूच सांग.' वर्गात विचारायचात तसं!

मी हातातल्या चपला पायात घातल्या. सायकल काढली आणि तिकोणा पेठ गाठली. आबा गोठ्यात होते. म्हणाले, 'पोरा, लोकांनी मला मान दिला, भरून पावलो. मी मागं सरतो, मास्तरला उबा करा.' मी म्हणालो, 'आबा, मास्तर बाद झाले.' 'बाद?' म्हातारा शेणाचे हात तसेच धरून उभा राहिला. 'आरं, मान्साला बाद कसं करत्यात?' 'त्यांच्याच कायद्यानं,' मी म्हणालो, आणि हे म्हणताना मला जो आनंद झाला, तो आजही झाला. मग मी त्यांना सांगितलं, तुम्ही मागं सरलात तर खडीवाल्याला तिकीट जाईल, मग जमिनीचं कोण बोलणार? म्हातारा बराच वेळ बैलाची मान खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, 'मंग ऱ्हातो उबा. पर मास्तरचं वाईट बोलायचं न्हाई.' मी व्हय म्हणालो. आणि वाईट बोलायची गरजही पडली नाही. गावोगाव एवढंच सांगत फिरलो, 'मानाची झाली. आता ही कामाची आहे, आणि मास्तर म्हणतात ती कंत्राटदाराला द्या.' लोक एकमेकांकडं बघायचे. पुरे व्हायचं.

त्या आठवड्यात ती मला नळावर भेटली. कळशी भरत होती. वर न बघता म्हणाली, 'आबांचा प्रचार करताय म्हणे. का माझ्या लग्नाविरुद्ध मतं मागताय?' 'तसं समज,' मी म्हणालो. 'अस्सं. मग मलाही एक सुपारी द्या की.' माझा हात खिशाकडं गेला. खिशात सुपाऱ्या होत्या, नमुना म्हणून लोकांना दाखवायला घेतलेल्या. पण तिनं कळशी उचलली आणि गेली, आणि ती चिडून बोलली की हसून, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या फेरीत आबा निवडून आले, निम्म्याहून कितीतरी वर. मिरवणूक बाजारातून सरळ जाणार होती. मी ती मुद्दाम तुमच्या गल्लीत वळवली. ढोलवाल्याला म्हणालो, या दारासमोर थांब आणि हात दुखेपर्यंत वाजव. मला तुमचा पडलेला चेहरा बघायचा होता, सर. त्यासाठी मी आठ दिवस धड जेवलो नव्हतो. तुम्ही दार उघडलंत, पायरी उतरून आलात, ताटातला गुलाल घेतलात आणि माझ्या कपाळाला लावलात. 'निम्म्याच्या वर गेले ना?' तुम्ही ढोलाच्या आवाजात ओरडून विचारलंत. 'मग बरोबर झालं.' आणि आत गेलात. तेवढंसुद्धा तुम्ही मला मिळू दिलं नाहीत. मी तसाच कपाळ पुसत राहिलो, आणि गुलाल पुसून जात नसतो.

मला वाटलं होतं, कंत्राटदार पडला की सोयरीक मोडेल. तुमच्या सौद्यात आता त्याचा काय फायदा उरला? पण तो गडी म्हणाला, 'राजकारण वेगळं, सोयरीक वेगळी,' आणि लग्न असं थाटात केलं की खंडाळ्यापर्यंत पंगतीची चर्चा. म्हणजे मी जिंकलो आणि तुम्ही जे ठरवलं होतं तेच झालं. पुढं दुसऱ्याच वर्षी तुम्ही वर्गात शिकवताना खाली बसलात आणि उठला नाहीत. मी प्रेताला आलो नाही. घरी बसून होतो, आणि बरं वाटत होतं. आबांच्या पोरानं येऊन सांगितलं की म्हातारा तिरडीला खांदा द्यायला हट्ट धरून बसला होता, तेव्हा त्याच्यावरही चिडलो.

आता मी चिक्कीच्या कारखान्यात मजुरांच्या पाळ्या लावतो. लग्न केलेलं नाही. पक्षाची तिकिटं पुन्हा बंद खोलीत ठरतात, सुपारीचं लोक गंमत म्हणून सांगतात आणि तुमचं नाव घेऊन हसतात. मी त्या हसण्यात सामील होतो.

परवा शाळेचा शिपाई आला होता. उद्या सकाळी तुमचा फोटो लावणार आहेत, आणि जुना विद्यार्थी म्हणून मी चार शब्द बोलावेत असं ठरलंय. ते चार शब्द लिहायला बसलो होतो, आणि हे लिहून झालं. हे काही तिथं वाचणार नाही. उद्या मी म्हणेन, सरांनी आम्हाला लोकशाही म्हणजे काय ते शिकवलं, सरांसारखा माणूस होणे नाही. टाळ्या पडतील. तुमच्यासाठी म्हणणार नाही, एवढं लक्षात ठेवा. शिपाई जाता जाता म्हणाला, सरांची मुलगी येणार आहे, तिची खुर्ची पुढच्या रांगेत आहे. आज दुपारी मी सदरा इस्त्रीला टाकून आलो.