कुबियाकांचा हिरवा सोफा

१४ मे, मंगळवार
आधी माफी मागतो. ऑक्टोबरनंतर या वहीत एक ओळ नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण इथे खोटं लिहायचं नाही हा नियम पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. वेळ होता. लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. आता केलं आहे, आणि ते नीट मांडून ठेवलेलं बरं.

समोरच्या मिस्टर कुबियाकांच्या पोर्चवर हिरव्या कॉर्डरॉयचा सोफा आहे. घरातला सोफा उघड्या पोर्चवर ठेवायला आमच्या शहरात बंदी आहे. यंदा आमची गल्ली ‘नीटनेटकी गल्ली’च्या पाटीसाठी स्पर्धेत आहे आणि मी ब्लॉक क्लबचा सेक्रेटरी. शनिवारी पावसात, आमच्या दारात उभं राहून, मी त्या सोफ्याचा फोटो काढला आणि शहराच्या अ‍ॅपवर पाठवला. नाव दिलं नाही. ही तक्रार नव्हे, माहिती आहे. अ‍ॅपवर ‘माहिती द्या’ असं बटणच नाही, फक्त ‘तक्रार करा’ आहे. त्याला मी काय करणार.

१५ मे
कुबियाकांच्या दारावर केशरी नोटीस. शहर इतकं चपळ असेल असं वाटलं नव्हतं. मी गेल्या वर्षी कळवलेला खड्डा अजून जागेवर आहे.

संध्याकाळी ते स्वतः आले. हातात नोटिशीबरोबरचं पत्र. म्हणाले, वेंडेल, मी चाळीस वर्षं कारखान्यात काच ओतली, हे असलं इंग्रजी मला कळत नाही. तू कॉलेजात गेलेला, वाचून दाखव बाबा.

वाचलं. मधे फोटोखाली मी लिहिलेलं माझंच वाक्य होतं: ‘सदर वस्तूमुळे परिसराच्या देखणेपणास बाधा येते.’ त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, म्हणजे ध्यान दिसतो, असंच ना? मग तसं लिहायला काय झालं होतं? चांगला शिकलेला दिसतोय लेकाचा.

दुसऱ्या पानावर नुसता फोटो आहे, तो राहू दे, म्हणाले आणि ते पान घडी करून खिशात ठेवलं.

मग बसले आणि सांगू लागले. त्यांच्या गेलेल्या बायकोला, आयरीनाबाईंना, शेवटची दोन वर्षं पायऱ्या उतरता येत नव्हत्या. तेव्हा कुबियाकांनी तो सोफा बाहेर आणला. बाई तिथून सगळ्या गल्लीवर नजर ठेवायच्या. आमच्या पायरीवरच्या सिमेंटच्या बदकाचे सगळे कपडे त्यांनी तिथेच बसून शिवले. सात जोड. माझी बायको नोरीन सणाप्रमाणे आणि हवेप्रमाणे ते बदलत असते. मला हे माहीत होतं. शनिवारी आठवलं नाही.

अपिलाला दहा दिवस आहेत. मी म्हणालो, अपील मी लिहितो. त्यांनी खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, तू लिहिणार? लिही.

१६ मे
संकल्प: शनिवारपर्यंत त्यांना खरं सांगायचं.

जेवताना नोरीन म्हणाली, कोण असेल रे हा मेला चुगलखोर? मी म्हणालो, हेतू चांगलाही असू शकतो. ती म्हणाली, चांगल्या हेतूचा माणूस रस्ता ओलांडून दार वाजवतो. मग म्हणाली, आपल्या पोर्चला काचा आहेत, सोफा आपल्याकडे ठेवला तर कायद्यात बसतो. मी म्हणालो, वेताच्या खुर्च्यांशी तो जुळणार नाही. ती उठून गेली.

१८ मे, शनिवार
ओव्हनमध्ये माशाची कॅसरोल केली. देता देता सांगायचं, असा बेत. वाक्य पाठ केलं होतं. कुबियाकांनी दार उघडलं, भांडं घेतलं आणि तिथेच उभे राहिले. घाई केली नाही. मी म्हणालो, वीस मिनिटं गरम करा. ते म्हणाले, आणखी काही? मी म्हणालो, वरून चीज घातलंत तर बरं.

नवीन संकल्प: अपील देऊन झाल्यावर सांगायचं. तोवर सांगितलं तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडेल आणि अपिलाचं नुकसान होईल. हे माझ्यासाठी नाही.

२१ मे
भांडं परत आलं. आमच्या गल्लीत भांडं रिकामं परत करत नाहीत. आत त्यांच्या हातचे, कोबी भरून उकडलेले पिएरोगी. अपराधी वाटलं की भूक मरते म्हणतात. मी नऊ खाल्ले.

आता पुन्हा काहीतरी पाठवायची पाळी माझी.

२४ मे
अपिलाचा तिसरा मसुदा. ‘दिवंगत पत्नी’ खोडून ‘पत्नी’ केलं, मग पुन्हा ‘दिवंगत’ घातलं. ‘देखणेपण’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. घाई नाही. शनिवार-रविवार आणि सोमवारची मेमोरियल डेची सुट्टी धरायची नाही म्हणजे ३० तारखेपर्यंत सवड आहे. घाईत लिहिलेलं अपील म्हणजे त्यांचा अपमान.

२९ मे, बुधवार
एक दिवस आधीच अपील घेऊन शहराच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मुदत २५ला संपली. मी म्हणालो, कामाचे दिवस. त्या म्हणाल्या, सर, दहा म्हणजे दहा, सुट्ट्या धरून. पत्राच्या पहिल्याच ओळीत आहे.

ती ओळ मी मोठ्याने वाचली होती.

कुबियाकांना सांगितलं. मुदत चुकली, एवढंच. मला वाटलं रागावतील. म्हणाले, जाऊ दे, तू मेहनत घेतलीस. शुक्रवारपर्यंत सोफा हलला नाही तर शहराची गाडी नेणार.

नोरीन उठली. वेताच्या खुर्च्या एकेक उचलून तळघरात ठेवून आली.

३१ मे
सोफा आमच्याकडे आणला. एका बाजूला ते, एका बाजूला मी. भर रस्त्यात ते म्हणाले, दम लागला, टेकव. टेकवला. ते बसले. म्हणाले, उभा काय राहतोस, बस. मीही बसलो. एक गाडी येऊन थांबली. त्यांनी हात करून तिला बाजूने जायला सांगितलं. सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं. मी म्हणालो, जड आहे. ते म्हणाले, असणारच.

२ जून, रविवार
पाटी मागच्या गल्लीला मिळाली. शेरा असा की तिथे प्रत्येक पोर्चवर माणसं बसलेली दिसली.

कुबियाक सहाला आले आणि सोफ्यावर त्यांच्या जागी बसले. आता रोज येणार. नोरीनने लिंबू सरबत आणलं. मी समोर स्टुलावर. मनात म्हटलं, आज.

त्यांनी खिशातून ते दुसरं पान काढलं आणि मांडीवर उलगडलं. माझा फोटो. मधे पाऊस, रस्ता, हिरवा सोफा. खाली डाव्या कोपऱ्यात, अगदी जवळून, पिवळा रेनकोट घातलेलं आमच्या पायरीवरचं बदक.

नोरीनने फोटो बघितला. मग माझ्याकडे. मग आत गेली.

कुबियाक म्हणाले, हा रेनकोट तिचं शेवटचं काम. सोफा आणि रेनकोट एकाच फोटोत दुसरीकडे कुठे नाहीत, म्हणून हे पान मी जपून ठेवलंय. मग बोट ठेवून म्हणाले, बघ, मधलं बटण गेलंय.

आणि थांबले. कॅसरोलच्या दिवशी दारात थांबले होते तसेच.

मी म्हणालो, हो, गेलंय खरं.

उद्या: बदकाच्या रेनकोटला बटण लावणे.