कठड्याची उंची

ताई,

हे पत्र टपालात पडणार नाही, तू घाबरशील. पण कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून लिहितो.

आई पडली आणि त्यातच गेली, त्यानंतर मी पॅसेजमध्ये बाबांसाठी लाकडी कठडा केला. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही, पण माझं माप चुकत नाही हे तू जाणतेस. बाबांच्या मनगटाला बरोबर, चौतीस इंच. तो धरून ते रोज सकाळी, तोल सांभाळायचा व्यायाम म्हणून, टाचेला चवडा लावत वीस पावलं चालतात. मी आकडे मोजतो, शाब्बास म्हणतो.

आज पाहिलं, त्यांचा हात कठड्यावर नुसता तरंगत होता.

"धरत का नाही?"

"धरला की खांदा भरून येतो रे. चार महिने झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या मापात खोट कोण काढणार? आठ दिवस जेवला नसतास."

टेप लावला. कठडा चौतीसच होता. मनगट साडेबत्तीसवर आलेलं. बाबाच लहान झालेत.

चार महिने, ताई. ब्याऐंशीचा माणूस काहीही न धरता चालत होता आणि मी शेजारी उभा राहून शाब्बास म्हणत होतो.

लगेच कठडा दीड इंच खाली घेतला. बाबांनी धरून पाहिला. "आता बसला. मोज."

सातानंतर मी त्यांच्या हाताकडेच बघत राहिलो. पुढचे आकडे त्यांनीच म्हटले.

तुझा,
धाकटा