तापाला चुकवताना

खर्डा
१३ सप्टेंबर १९७१
पुन्हा हीव भरलं. शाळा अर्ध्यावर सोडून घरी. दोन गोधड्या, वर सासूबाई दाबून बसल्या, तरी दात वाजतच होते. सातवा महिना लागलाय. मागचं सातव्यातच गेलं. हे लिहायचं नव्हतं.

१६ सप्टें.
ह्यांच्याबरोबर जामखेडला. रक्त पाहिलं, हिवतापच. म्हटलं, माहेरी पाटाच्या कडेला राहायचो, दरसाल यायचा, दोन दिवसांत उठून खेळायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हा अंगाला लढायची सवय होती. आता पोटात जीव आहे. त्याला परकं समजून हाकलू नये म्हणून शरीर जरा हात आखडतं, तिथं तापाचं फावतं. वारेत जाऊन बसतो. बाळाचं खाणं तिथूनच जातं ना!" गोळ्या तीन दिवस, मग दर रविवारी, बाळंतपणापर्यंत. ताप नसला तरी.

१९ सप्टें.
परवा थोडंच हुडहुडलं. एकाआड एक येतो, म्हणजे आज तापाच्या पाळीचा दिवस. सासूबाईंनी सकाळीच शेजारच्या ओसरीवर नेऊन बसवलं. ताप घरी येतो, माणूस सापडलं नाही की परत जातो म्हणे. नावानंही हाक मारायची नाही. दिवसभर मी 'ठकू'. चौथीची मास्तरीण, आणि ठकू म्हटलं की ओ देत होते!
ताप आला नाही. सासूबाई खूश. "बग, कसा चकवला!" गोळ्यांचं नावही घेतलं नाही.

३ ऑक्टो., रवि.
डबीत गोळ्या नाहीत. सासूबाईंनी चुलीत टाकल्या. "लई गरम असत्यात त्या. पोट खाली करत्यात. ताप गेला न्हवं? मंग?" भांडायला बळ नाही. आणि खरं म्हणजे बरंच वाटलं. आजार संपला असं मलाही हवंच होतं. हे म्हणाले, जामखेडला गेलो की आणतो.

२६ ऑक्टो.
आणल्या नाहीत. आज असा भरला की खाट हलत होती. दुपारपर्यंत बाळ हललं नाही. सासूबाईंना नको ते बोलले. त्या रडल्या. मग डोळे पुसून स्वतःच एस.टी.त शेजारी येऊन बसल्या, जामखेडपर्यंत माझा हात धरून. बाळाचे ठोके आहेत. माझ्यात रक्त फार कमी. इथंच दवाखान्यात राहायचं.

१० नोव्हें.
काल मुलगी. दिवसांआधी. दवाखान्याच्या तागडीत घातली तर पारडं हललंसुद्धा नाही असं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "लई बारकी हाय गं. पण हाय." डॉक्टरीणबाईंना विचारलं, ताप तिच्यात गेला असेल का? म्हणाल्या, बघू.
खूप झोप येतेय, झोपायची भीती

११ नोव्हें.
दूध ओढत नाही. कापसानं थेंब थेंब. सकाळपासून गरम लागतेय. माझेच हात गार असतील. सासूबाईंना बघा म्हटलं. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. पदराला हात पुसला, पुन्हा लावला.