गाळलेला टाका

श्टिप, सोमवार

प्रिय रुझाताई,

आयवारच्या चटणीच्या चार बरण्या बितोलाच्या बसवाल्याकडे दिल्यात. यंदा मिरच्या जरा जास्तच भाजल्या गेल्या, माझं लक्ष नव्हतं.

कलिनाचं काय चाललंय, असं तू विचारलं होतंस. स्कोप्येची ही डिझायनर कारखान्यांत उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची जॅकेटं करते आणि शिवायला आम्हा कामावरून काढलेल्या बायकांना बसवते. मला ती पहिल्या दिवसापासून खटकली. इतकी शिकलेली, गोड बोलणारी बाई आमच्यात कशाला येईल? सगळ्यांच्या पोरांची नावं तिला पाठ. फोटो काढायची, तेही आमच्या हातांचे!

एक दिवस म्हणाली, “पावलिनामावशी, तुमच्या आईचा जोडटाका सगळ्यांना शिकवाल?” मी तिथंच सावध झाले. कारखान्यातल्या मुकादमानंही असंच “जरा दाखव ना” म्हणत माझी कॉलर शिवायची पद्धत बघून घेतली आणि महिन्याभरात मला घरी बसवलं. तूही फोनवर म्हणालीस, “सगळं शिकवू नकोस गं, वेडे.”

म्हणून शिकवला, पण अर्धा. आई दर चौथ्या टाक्याला मागे येऊन एक उलटा टाका घट्ट ओढायची ना, तेवढा गाळला. वरून फरक कळत नाही. चाळीस जॅकेटं ल्युब्लियानाच्या दुकानात गेली. प्रत्येकाच्या आत शिवणारीच्या नावाची पट्टी होती. तीही मी संशयानंच वाचली. म्हटलं, दाखवण्यापुरती असेल.

गेल्या आठवड्यात अडतीस परत आली. पहिल्याच धुण्यात उसवली. दुकानाची मालकीण फोनवर अशी ओरडत होती की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. कलिना एवढंच म्हणाली, “चूक माझी. मी तपासलं नाही.” शेजारी बसणारी सेव्दा रडायलाच लागली. तिला वाटलं, आपलाच हात कच्चा. याच कामाच्या पैशांतून तिची हिवाळ्यासाठी जळणाची लाकडं यायची होती. आणि मी काय केलं? मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसले.

शुक्रवारी मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सेव्दानं आपली खुर्ची उचलली आणि दुसऱ्या टेबलाशी नेली. कलिनानं एक उसवलेलं जॅकेट उलटं करून शिवण बघितली. मग म्हणाली, “सोमवारी खरा टाका शिकवा. पण मावशी, यापुढे तुमचं प्रत्येक जॅकेट मी स्वतः उलटं करून बघणार.” राग नव्हता आवाजात. असता तर सोसलं असतं.

आज शिकवायला बसले, तर बायका माझ्या हाताकडे बघायच्या नि मग एकमेकींकडे. सेव्दा तोंडावर म्हणाली, “हा तरी खरा कशावरून?” आईचा टाका आता आपल्या दोघींनाच येतो, ताई. अडतीस जॅकेटं पुन्हा शिवायचीत आणि माझ्या सुईवर कुणाचा भरवसा नाही. तू ये. माझी बाजू घेऊ नकोस, त्यांना काही समजावूही नकोस. फक्त त्यांच्यात बसून एक शिवण घाल, ती माझ्या शिवणीशी ताडून बघू देत त्यांना. मी दुसऱ्या खोलीत थांबेन.

वाट बघणारी तुझीच,
पावलिना