शब्द चामोर्शीत, चाल सिरोंच्यात

चामोर्शी,
रविवार, डिसेंबर

प्रिय नंदिनी,

सप्रेम जय भीम.

हातात फोन असताना भाऊजींनी पत्र का लिहिले, असा प्रश्न तुला पडेल. फोनवर मला विषय क्रमाने मांडता येत नाही. सत्यशीला म्हणत असे, "तुमचं फोनवरचं बोलनं म्हंजे वर्गात हजेरी घेनं." आज मला हजेरी घ्यायची नाही. एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, आणि तिच्या शेवटी तुला काही विचारायचे आहे.

तुमच्या जुन्या नाटक मंडळीचे मालक प्रफुलभाऊ दिवाळीनंतर वडशाहून मुद्दाम आले होते. सत्यशीलेच्या स्मरणार्थ तिचे नाटक या हंगामात चामोर्शीला पुन्हा लावावे, असे त्यांच्या मनात आहे. तीच चार गाणी ठेवायची, शब्द तिचे आणि चाली तुझ्या. गावातल्या मंडळाने होकार दिला, धान निघाल्यावर मंडप कुठे उभारायचा तेही ठरले. मी संमती दिली आणि आता आपले काम संपले असे समजून आत गेलो. एखादी गोष्ट ठरली की माणसांतून उठून जाण्याची सवय मला अलीकडे लागली आहे.

पुढच्या आठवड्यात नागपूरहून प्रवीण नावाचे गृहस्थ आले. गाण्यांच्या जाहीर प्रयोगाचे परवाने देणाऱ्या संस्थेचे ते प्रतिनिधी. प्रफुलभाऊंना त्यांनी माझ्याच ओसरीवर गाठले. तू ध्वनिमुद्रणासाठी नागपूरला गेली होतीस, त्या वेळी संस्थेला अधिकारपत्र दिले होतेस. त्यात तुझ्या झालेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्व चाली येतात, असे त्यांनी सांगितले. सत्यशीलेने मात्र कुठेही सही केली नव्हती. त्यामुळे कायद्याने स्थिती अशी झाली की त्या चार गाण्यांचे शब्द वारसा म्हणून माझ्याकडे आणि चाली संस्थेकडे. परवाना घेतल्याशिवाय नाटक होणार नाही, आणि परवाना सुटा मिळत नाही. संस्थेकडची सगळी गाणी एकत्रच घ्यावी लागतात.

प्रफुलभाऊ तापले. "सर, मले चार गाणे पाहिजेत अन् हे मले पुरा बाजार उचलून ने म्हनून राह्यले. मी वांगे घ्याले आलो, मले बैलजोडी कायले विकता?" प्रवीण शांतपणे म्हणाले, "भाऊ, दर एकच आहे. चार गा की चार हजार." शेजारच्या बायनाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच पदर खोचून उभ्या राहिल्या. "आमी रोवण्यात सत्यशीलाबाईचे गाणे म्हनतो, त्याचं बिल बांधीत आनून देता का, भाऊ?" प्रवीण हसले, धानाच्या बांधीत रोवणी करताना गायला परवाना लागत नाही म्हणाले. पण बाईंचे समाधान झाले नाही. "शब्द सरच्या घरी अन् चाल नागपूरले. मंग गाणं रायते कुठी?"

नंदिनी, मी अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. मक्तेदारीचे प्रकरण दरवर्षी त्याच उदाहरणांनी शिकवले, आणि एकही मक्तेदार जवळून पाहिला नाही. आता तो माझ्या ओसरीवर बशीत चहा ओतून पीत होता, आणि मला राग येण्याऐवजी विलक्षण कुतूहल वाटले. मी त्यांना तासभर प्रश्न विचारले. त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ते म्हणाले, "सर, प्रत्येक चालीचा मालक वेगळा असता तर या प्रफुलभाऊंनी किती दारं ठोठावली असती? अन् सिरोंच्यात बसून नंदिनीताईंना कसं कळलं असतं की पोंभुर्ण्यात त्यांचं गाणं कोण गाऊन राह्यलं?" हे खरे आहे. एक खिडकी सर्वांच्या सोयीची असते. पण खिडकी एकच असली की तिच्या आत बसणारा कोणतीही अट घालू शकतो, हेही तितकेच खरे.

मग मी वाचायला बसलो. सत्यशीला गेल्यापासून सलग दोन पाने वाचून होत नव्हती. या विषयाने मात्र मला धरून ठेवले. आपल्या कायद्यात मोठे असणे हा दोष नाही. बाजारात दुसरा कोणी नाही या बळावर अन्याय्य अटी लादणे, नको असलेला माल हव्या असलेल्या मालाला बांधून देणे, हा दोष आहे. त्यावर देखरेख करणारा स्पर्धा आयोग दिल्लीला आहे आणि कोणीही साधा नागरिक त्याला माहिती देऊ शकतो. मी दिली. गडचिरोलीच्या वकिलांनी मजकूर तपासला आणि म्हणाले, "सर, तुमी तर आयोगाले पेपरच काढून पाठवला." चार गाण्यांसाठी सारा संग्रह का घ्यावा, हा माझा पहिला मुद्दा. कलावंताने अजून न केलेल्या कामावरही आजच हक्क का सांगावा, हा दुसरा. आयोग आधी पाहील की प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का. मग चौकशी, मग सुनावणी. संस्था चूक ठरेल असे मी म्हणत नाही. पण कोणीतरी तिला उत्तर द्यायला लावेल, याचे मला समाधान आहे.

तोपर्यंत आपला हंगाम मात्र निघून जाईल. जवळचा मार्ग तुझ्या हातात आहे. वकील म्हणतात की चालकर्तीला आपले अधिकारपत्र लेखी कळवून मागे घेता येते आणि मग ती स्वतःच थेट परवानगी देऊ शकते. तू तसे केलेस तर मंडप उभा राहील. परंतु संस्थेकडून तुला जे काही मिळत असेल ते थांबेल. तुझ्या घरची परिस्थिती तुला ठाऊक, मला नाही. म्हणून मी आग्रह करत नाही, आणि तू नकार दिलास तर प्रफुलभाऊंना कारण सांगणार नाही.

इथवर वाचून तुला वाटले असेल की भाऊजींनी सहीसाठी पत्र लिहिले. प्रफुलभाऊंचाही तोच समज आहे.

उन्हाळ्यात, दवाखान्यातून घरी आणल्यावर, सत्यशीलेने एक गाणे केले. नाटकासाठी नव्हे, कशासाठीच नव्हे. शब्द तिने मला म्हणून दाखवले, "खळं रितं झालं बाई, चिमण्या अजून येऊन राह्यल्या," आणि पुढची दोन कडवी. मला ती तोंडपाठ आहेत. मग एका दुपारी तिने तुला फोन लावला. चाल तयार झाली असल्याचे तू सांगितलेस आणि गाऊन दाखवलेस. मी त्याच खोलीत तिच्या पायांशी बसलो होतो. फोन तिच्या कानाला होता, त्यामुळे मला तुझा एकही सूर ऐकू आला नाही. दिसला तो फक्त तिचा चेहरा. ऐकता ऐकता ती हसली. इतक्या महिन्यांनंतर प्रथमच, खुदकन. काय झाले म्हणून मी विचारले तर म्हणाली, "तुमाले नाई समजाचं, तिची चाल आइकाले पाहिजे." त्यानंतर तिला गाण्याइतका श्वास राहिला नाही. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू आलीस, तेव्हा विचारणे मला जमले नाही; अंगण माणसांनी भरले होते. ती चाल अधिकारपत्राच्या नंतरची आहे, म्हणजे संस्थेच्या मते तीही त्यांचीच. आयोग काय ठरवायचे ते ठरवो. मी ते शब्द रोज म्हणून पाहतो, सावकाश, भरभर, निरनिराळ्या ठेक्यांत, आणि मला अजून उमगत नाही की रित्या खळ्यावर अशी कोणती चाल बसते, जी ऐकून माणसाला हसू येते. सहीचे तू सवडीने ठरव. पण आलापल्लीमार्गे येणारी सकाळची बस धरून एकदा ये, आणि समोर बसून गा. फोनवर नको.

तुझाच भाऊजी,
अश्वजित उंदिरवाडे